भुलेखाली मेंदू काय करतो?

 १८८९ साली निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, क्लोरोफॉर्मची जगभर गाजलेली चौकशी चालली होती. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी ठामपणे म्हणत, भुलेत आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे; म्हणून नजर श्वासावरच ठेवा. निजाम सरकारने खर्च उचलला, लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला. तो अर्धाच खरा होता. हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदय एकाएकी बेताल थरथरून थांबू शकतं, हे लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवलं.

गंमत अशी, की श्वास की हृदय या भांडणात, भूल ज्याला चढते त्या मेंदूकडे कुणी बघतच नव्हतं. बघणार तरी कसं? माणसाच्या मेंदूतली वीज हान्स बर्गर यांनी नोंदवली ती १९२४ मध्ये.

आज कपाळावर चिकटवलेल्या पट्टीतून त्या विजेच्या लहरी थेट मॉनिटरवर उतरतात. सेव्होफ्लुरेन या भुलेच्या औषधाखालच्या मोठ्या मुलाच्या कपाळाशी दोन लहरी ठळक दिसतात: एक संथ, सेकंदाला जेमतेम एखादा हेलकावा, दुसरी अल्फा, सेकंदाला आठ ते बारा. तान्ह्या बाळाची संथ लहर जागच्या जागी असते, पण अल्फा? पहिले तीन महिने ती नसतेच! चौथ्या महिन्याच्या सुमारास उमटू लागते आणि कपाळाच्या दोन्ही बाजू एका तालात यायला आणखी काही महिने जातात. बॉस्टनच्या संशोधकांनी हे २०१५ मध्ये मांडलं. औषध तेच, पण मेंदूची घडण कुठवर आली ते त्याखाली दिसतं.

म्हणूनच शून्य ते शंभर आकड्यात भुलेची खोली सांगणाऱ्या यंत्रावर तान्ह्यांच्या बाबतीत मी विसंबणार नाही. त्याचं गणित मोठ्यांच्या नोंदींवर बसवलंय. केटामाइन हे औषध दिलं, तर मोठ्यांतही तो आकडा फसवतो. भूलतज्ज्ञाला मूळ लहरच वाचावी लागते.

भूल मेंदूच्या सगळ्या भागांना सारखी गप्पही करत नाही. कानात टकटक वाजवली, तर मेंदूचा बुंधा गाढ भुलेतही शतांश सेकंदाच्या आत उत्तर देतो. बेरा ही श्रवणाची तपासणी त्यावरच चालते. कॉक्लियर इम्प्लांट बसवताना तर सर्जन टेबलावरच यंत्रातून विजेचे ठोके सोडतात आणि जन्मतः बहिऱ्या मुलाच्या श्रवणनसेचं उत्तर, ते बेशुद्ध असतानाच, पडद्यावर नोंदवून घेतात.