हसू नेमके कोणावर? स्वतःचे आयुष्य मंचावर आणणारे रिचर्ड प्रायर

स्टँडअप कॉमेडी आता आपल्या तरुणांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट झाली आहे. एक माणूस, एक माईक आणि समोर अनोळखी लोक, एवढाच त्याचा पसारा. तो माणूस आपल्या आईबद्दल, शाळेबद्दल, नोकरीबद्दल, फसलेल्या प्रेमाबद्दल बोलतो आणि समोरचे लोक "हे तर आमच्याच घरातले" असे वाटून हसतात.

एका माणसाचे खासगी आयुष्य शेकडो लोकांना आपले कसे वाटते, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. ज्याच्या आयुष्यात गरिबी, अपमान आणि भेदभाव आहे, त्याने ते मंचावर आणले तर लोक त्याच्यासोबत हसतात की त्याला हसतात? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायची असतील तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय विनोदवीर रिचर्ड प्रायर यांचे काम पाहिले पाहिजे. अमेरिकेत विनोदासाठी दिला जाणारा मार्क ट्वेन पुरस्कार १९९८ साली सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले मानकरी प्रायर होते.

स्वतःला लपवून मिळालेले यश

प्रायर यांचा जन्म १ डिसेंबर १९४० रोजी इलिनॉय राज्यातील पिओरिया शहरात झाला. त्यांची आजी वेश्यागृह चालवत असे. आई तिथेच काम करत होती. लहानगा रिचर्ड त्याच घरात वाढला. तरुणपणी ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा बिल कॉस्बी हे कृष्णवर्णीय विनोदवीर गाजत होते. त्यांचा विनोद सोज्वळ, गोऱ्या प्रेक्षकालाही अवघडल्यासारखे होऊ न देणारा. प्रायर यांनी तोच मार्ग धरला. टीव्हीवर कामे मिळाली, पैसाही मिळू लागला.

पण त्या विनोदात त्यांची आजी नव्हती, त्यांची वस्ती नव्हती, तिथले जुगारी, दारुडे आणि पोलीस नव्हते. १९६७ साली लास वेगासच्या अलादीन हॉटेलमध्ये कार्यक्रम सुरू असताना ते मंच सोडून निघून गेले. आपण इथे काय करतो आहोत, हा प्रश्न त्यांना पडला होता.

पुढे काही काळ ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे राहिले. इश्माएल रीड, सेसिल ब्राऊन अशा कृष्णवर्णीय लेखकांच्या सहवासात आले. शेजारच्याच ओकलंड शहरात १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला होता. याच पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती. पण ज्या गल्लीचे नाव सभ्य लोक घेत नाहीत, ती गल्ली तिच्याच भाषेत मांडायची, हा निर्धार दोन्हीकडे एकाच काळात दिसतो. ढसाळांनी ती कवितेत आणली, प्रायर यांनी विनोदात.

तपशील जितका नेमका, तितका तो सर्वांचा

नवे कलावंत बहुधा असे समजतात की सगळ्यांना पटेल असे बोलायचे तर सगळ्यांच्या बाबतीत घडते तेच बोलावे. प्रायर यांनी याच्या उलट केले. १९७९ सालच्या 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' या चित्रपटात ते आजीच्या माराबद्दल सांगतात. आजी नुसती मारत नाही, मारायची फोक त्यालाच झाडावरून तोडून आणायला लावते. पोराला त्या झाडाचाच राग येऊ लागतो. तो फोक तोडतो, पाने काढतो, घराकडे येतो, आणि प्रत्येक पावलागणिक त्या फोकेचा हवेतला आवाज त्याच्या कानात घुमतो.

"लहानपणी आम्ही खूप मार खाल्ला" एवढेच सांगितले असते तर कोणी हसले नसते. ते विधान आहे, त्यात दिसण्यासारखे काही नाही. झाड, फोक, पाने, पोराची जड झालेली पावले हे सांगितल्यावर प्रेक्षकाला चित्र दिसते. सगळ्यांना अशी आजी नव्हती. पण शिक्षेकडे स्वतःच्या पायाने चालत जाणे जवळपास प्रत्येकाने अनुभवलेले असते. प्रसंग प्रायर यांचा असतो, त्यामागची भावना प्रेक्षकाची असते. विनोद आपला वाटतो तो इथे.

पात्र मी, निशाणा व्यवस्था

१९७४ सालच्या ध्वनिमुद्रणात प्रायर पोलिसांबद्दल बोलतात. गोऱ्या माणसाची गाडी पोलिसाने अडवली तर तो हसतखेळत बोलतो, दंड भरतो, निघून जातो. कृष्णवर्णीय माणसाची गाडी अडवली तर तो एकेक शब्द मोठ्याने आणि सावकाश उच्चारत सांगतो की मी आता लायसन्स काढायला खिशात हात घालतो आहे. कारण हात पटकन हलला तर गोळी लागेल आणि ती अपघात म्हणून नोंदवली जाईल.

या प्रसंगात घाबरलेला, हास्यास्पद वाटणारा माणूस प्रायर स्वतः आहेत. तरी हसू त्यांच्यावर येत नाही. इतकी सावधगिरी का बाळगावी लागते, हे प्रेक्षकाला त्याच क्षणी कळते आणि हसू पोलिसी व्यवस्थेवर जाऊन पडते. सभागृहातले कृष्णवर्णीय लोक हसतात, कारण त्यांनी हे भोगले आहे. गोरे लोक हसतात, आणि आपल्याला हे कधी करावेच लागले नाही हेही त्यांच्या लक्षात येते.

प्रायर यांच्या आधी डिक ग्रेगरी यांनी हे तंत्र वापरले होते. जानेवारी १९६१ मध्ये शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये त्यांना संधी मिळाली आणि समोर दक्षिणेकडील गोरे व्यावसायिक बसले होते. दक्षिणेतील हॉटेलांमधील रंगभेदावर त्यांचा एक प्रसिद्ध विनोद आहे. इंग्रजीत 'सर्व्ह' म्हणजे ग्राहकाला वाढणे आणि एखादा पदार्थ ताटात देणे, असे दोन्ही अर्थ निघतात. वेटर म्हणते की इथे काळ्या माणसांना सर्व्ह करत नाहीत. ग्रेगरी म्हणतात, हरकत नाही, मी काळी माणसे खातच नाही, कोंबडी आणा. अपमान झालेला माणूस शांत आहे आणि नियम करणारा मूर्ख ठरला आहे. याच ग्रेगरींनी पुढे नागरी हक्कांच्या आंदोलनात तुरुंगवासही भोगला.

भीतीला तोंड देणे म्हणजे तिला आवाज देणे

१९७७ साली प्रायर यांना हृदयविकाराचा झटका आला. 'लाइव्ह इन कॉन्सर्ट'मध्ये त्यांचे हृदयच त्यांच्याशी बोलते. ते पोलिसासारखे दरडावते, गुडघ्यावर यायला लावते आणि विचारते की आता मरणाची आठवण झाली का, डुकराचे मांस हाणताना का नाही झाली? पुढे रुग्णवाहिकेत डोळे उघडतात तर भोवती सगळे गोरे चेहरे. प्रायर यांना वाटते, आपण मेलो आणि चुकीच्या स्वर्गात आलो.

इथे ते आजाराचे वर्णन करत बसत नाहीत. आजाराला पात्र बनवतात. प्रायर यांच्या कार्यक्रमांत कुत्रा बोलतो, हृदय बोलते, व्यसनाचा पाईपसुद्धा बोलतो. मनात चाललेला झगडा असा दोन पात्रांच्या संवादात आला की प्रेक्षकाला तो पाहता येतो. तमाशाचा वग पाहिलेल्या माणसाला ही रीत परकी वाटणार नाही.

जखम कधी दाखवायची?

९ जून १९८० रोजी प्रायर यांनी अमली पदार्थांच्या नशेत स्वतःला पेटवून घेतले. अर्ध्याहून अधिक शरीर भाजले. देशभर त्यांच्यावर विनोद झाले. १९८२ सालच्या 'लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप'मध्ये त्यांनी स्वतः हा विषय काढला. आधी त्यांनी एक धडधडीत थाप मारली, दोन प्रकारचे दूध एकत्र करून त्यात बिस्कीट बुडवले आणि स्फोट झाला. लोक हसले. मग त्यांनी व्यसनाची खरी हकीकत सांगितली. शेवटी पेटती काडी हातात घेऊन, लोक त्यांच्यावर करत असलेला विनोदही त्यांनी स्वतःच सांगून टाकला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, जखम ओली असताना विनोद होत नाही. प्रसंगाकडे थोडे लांबून पाहता आले पाहिजे. दोन, हे सगळे आपसूक सुचत नाही. प्रायर लॉस एंजेलिसच्या 'कॉमेडी स्टोअर' या क्लबमध्ये रात्रीमागून रात्री नवा मजकूर करून पाहत. कुठे हसू येते, कुठे शांतता पसरते हे बघून शब्द बदलत. पडद्यावर सहज वाटणाऱ्या गोष्टीमागे असा घासून घेतलेला सराव असतो.

या मार्गातले धोके

स्वतःवर हसण्याची एक किंमत असते. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी २०१८ साली 'नॅनेट' या कार्यक्रमात ती स्पष्ट मांडली. त्या मूळच्या तास्मानियाच्या, जिथे समलैंगिक संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होते. गॅड्सबी यांचे म्हणणे असे की जो आधीच समाजाच्या कडेला ढकलला गेला आहे, त्याने स्वतःची टिंगल करणे ही नम्रता नव्हे, तो स्वतःचाच अपमान आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या बसस्टॉपवरील एका माणसाचा किस्सा विनोद म्हणून सांगतात. तो मारायला येतो आणि गैरसमज दूर झाल्यावर थांबतो. शेवटी त्या सांगतात की तो परत आला होता आणि त्याने खरोखर मारहाण केली होती. विनोद जमावा म्हणून इतकी वर्षे तो भाग गाळला जात होता.

खुद्द प्रायरही सर्वस्वी अनुकरणीय नाहीत. पत्नीच्या गाडीवर आपण गोळ्या झाडल्याचा प्रसंग त्यांनी मंचावर रंगवून सांगितला. त्यात त्यांची फजिती आहे, पण तिथे असलेल्या बाईची भीती नाही. आपले आयुष्य सांगताना घरातल्या इतरांचेही आयुष्य उघडे पडते आणि त्यांच्या हातात माईक नसतो. आई, बहीण, पत्नी यांच्यावर विनोद करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

भाषेबाबत मात्र प्रायर यांनी स्वतःला बदलले. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा तो अपमानास्पद शब्द त्यांच्या १९७४ च्या ध्वनिमुद्रणाच्या शीर्षकातच होता. त्यांना वाटे, आपणच तो उच्चारत राहिलो तर त्याची नांगी मोडेल. १९७९ मध्ये ते केनियाला गेले. आजूबाजूला सगळीकडे काळी माणसे होती आणि त्यांतल्या एकालाही तो शब्द लावावासा वाटला नाही. तेव्हापासून त्यांनी तो शब्द सोडला, आणि का सोडला हेही मंचावर सांगितले.

आपल्याकडचा धागा

महाराष्ट्राला हसत हसत प्रबोधन करण्याची परंपरा नवी नाही. सत्यशोधक जलशांनी भटशाही आणि सावकारीची खिल्ली उडवली. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी ती वाट आंबेडकरी चळवळीत पुढे नेली. जलशातले हसू सहसा समाजातल्या ढोंगावर असे, कलावंत स्वतःच्या घरची गोष्ट फारशी सांगत नसे. ती गोष्ट पुढे दलित आत्मकथनांनी सांगितली, १९७८ सालचे दया पवार यांचे 'बलुतं' हे त्यातले ठळक नाव. स्टँडअपमध्ये जलशाचे हसू आणि आत्मकथनातला 'मी' एकत्र येऊ शकतात.

भारतीय स्टँडअपच्या मंचावर आरक्षणावरचे शिळे विनोद बरीच वर्षे चालत आले. त्यात हसू नेहमी शिकू पाहणाऱ्या मुलावर असते, त्याला अडवणाऱ्यावर नसते. अलीकडे बीडच्या अंकुर तांगडे, छत्तीसगडचे मंजीत सरकार असे कलावंत जातीचा विषय स्वतःच्या अनुभवातून मांडू लागले आहेत. हाच प्रसंग मुलाच्या जागेवरून सांगितला की चित्र पालटते. कॉलेजात कोणी आडनाव विचारतो, त्यावरून काही कळले नाही तर गाव विचारतो, मग वडील काय करतात ते विचारतो, मग "पूर्ण नाव सांग ना" म्हणतो. जात न विचारता जात काढण्यासाठी घेतलेली ही मेहनत जशीच्या तशी मंचावर आणली तर हसू कोणावर येईल, हे सांगायला नको.

माईक हातात घेणाऱ्या आपल्या तरुणांनी म्हणून प्रत्येक विनोद तीन प्रश्नांवर तपासावा. हा प्रसंग मी इतका नेमका सांगतो आहे का, की तो न भोगलेल्यालाही दिसेल? हसू पिकावे म्हणून मी यातले काही सत्य गाळले आहे का? आणि माझ्यासारखेच आयुष्य जगलेला माणूस पहिल्या रांगेत बसला असेल, तर तो मान वर करून हसेल की मान खाली घालेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनासारखे येत नसेल तर तो विनोद कितीही टाळ्या मिळवत असला तरी पुन्हा लिहायला बसावे.