बिझनेस इंग्लिशचा क्लास : फी नंतर, आधी मिनिटं मोजा

तिसरं वर्ष संपत आलं की लोणावळ्यापासून चिंचवडपर्यंतच्या सगळ्या कॉलेजांत एकच विषय सुरू होतो, प्लेसमेंट! ॲप्टिट्यूड निघते, टेक्निकलही बऱ्यापैकी निघतं. गाडी अडते ती जीडीपाशी. मनात मराठीत जुळवलेलं वाक्य इंग्रजीत उतरेपर्यंत ग्रुप पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. मग क्लासची शोधाशोध सुरू होते. 'साठ दिवसांत फाडफाड इंग्लिश' अशा जाहिराती दिसतच असतात. आपल्यातले बरेच जण मराठी माध्यमातून किंवा डिप्लोमा करून आलेले, आणि घरून येणारे पैसे मोजके. म्हणूनच क्लास निवडताना नेमकं बघायचं काय, हे जरा हिशेबाने बघू या. शेवटी आपण इंजिनिअर!

पण इंग्लिशच का?

हल्ली कुणी म्हणतं जर्मन कर, कुणी जपानी, कुणी चायनीज. भाषा कुठलीही शिका, वाया जाणार नाही. पण आपल्या मावळातलंच एक उदाहरण बघा. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. कंपनी अमेरिकन. जानेवारी २०२० मध्ये तो विकत घ्यायचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने केला. त्या वर्षाच्या शेवटी जनरल मोटर्सने तिथलं उत्पादन थांबवलं. पण सरकारी मंजुऱ्या काही मिळाल्या नाहीत आणि २०२२ मध्ये ग्रेट वॉलचा करार बारगळला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये करार केला तो कोरियाच्या ह्युंदाईने. म्हणजे एकच कारखाना, आणि तीन वर्षांत तीन देशांची नावं! केवळ त्या बातमीवर विसंबून २०२० साली कुणी चायनीजचा क्लास लावला असता तर? मालक अमेरिकन असो, कोरियन असो वा जर्मन, त्यांच्या आणि आपल्या लोकांमधली कामाची भाषा बहुतेक ठिकाणी इंग्लिशच असते. म्हणून पहिला नंबर तिचा.

बिझनेस इंग्लिश म्हणजे काय?

टाय लावून बोललेलं इंग्लिश, असा अनेकांचा समज आहे. तसं काही नसतं. लाईन का बंद पडली हे क्वालिटीवाल्याला दोन मिनिटांत सांगता येणं, फोनवर ड्रॉइंग नंबर आणि टॉलरन्स न चुकता सांगणं, माल उशिरा पाठवणाऱ्या व्हेंडरला न चिडता पण ठणकावून मेल लिहिणं, आणि मीटिंगमध्ये साहेबांना नम्रपणे 'हे या तारखेला होणार नाही' म्हणता येणं, हे खरं बिझनेस इंग्लिश.

याची जगप्रसिद्ध परीक्षा, म्हणजे केंब्रिजची 'बिझनेस इंग्लिश सर्टिफिकेट्स', १९९३ मध्ये आली आणि तीही मुळात चीनसाठी. बाहेरच्या कंपन्या तिथे येऊ लागल्या होत्या आणि त्यांच्याशी कामाचं बोलू शकणारी माणसं हवी होती. पुढे ती इतर देशांतही गेली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तिच्यात वाचणं, लिहिणं, ऐकणं याबरोबर बोलण्याचीही परीक्षा ठेवली गेली, आणि तीसुद्धा दोन उमेदवार समोरासमोर बसवून. नुसतं 'टिक द करेक्ट ऑप्शन' नाही. आपल्याकडच्या कितीतरी क्लासमध्ये मात्र नाऊन, व्हर्ब, टेन्स यातच महिने जातात. ते तर आपण पाचवीपासून करतोय!

आता हिशेब

समजा, एक तासाचा क्लास आहे आणि बॅच चाळीस जणांची. सरांचं शिकवणं, फळ्यावरचं लिहिणं, हजेरी यात वीस मिनिटं गेली. उरली चाळीस. एकेकाला उठवून बोलायला लावलं, तर तुमच्या वाट्याला येतं फक्त एक मिनिट. बॅच आठ जणांची असेल तर पाच मिनिटं. पण त्याच चाळीस जणांच्या जोड्या करून सगळ्यांना एकदम बोलायला लावलं, तर प्रत्येकाला मिळतात वीस मिनिटं! म्हणजे बॅच लहान की मोठी, एसी आहे की नाही, यापेक्षा वर्ग चालवायची पद्धत महत्त्वाची. पोहायला शिकायचं तर पाण्यात किती वेळ होतो तेच मोजावं लागतं, काठावर बसून ऐकलेलं नाही. क्लासच्या चौकशीत पहिला प्रश्न फीचा नको. 'तासाभरात मी स्वतः किती मिनिटं बोलणार आणि माझ्या चुका कोण सांगणार?' हा हवा. बोलायला तर हॉस्टेलच्या रूमवरही चार मित्र मिळतात. आपण पैसे मोजतो ते चुका सुधारणाऱ्या माणसासाठी.

दुसरा हिशेब साठ दिवसांचा. युरोपात भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या मानतात. केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे इंग्लिश अगदी पहिल्यापासून शिकणाऱ्याला बी-वनपर्यंत ३५० ते ४०० तास आणि बी-टूपर्यंत ५०० ते ६०० तास लागतात. म्हणजे या दोन पायऱ्यांमध्ये दीडशे-दोनशे तासांचं अंतर. साठ दिवस रोज एक तास धरला तरी होतात साठच. तेव्हा साठ दिवसांत धीर नक्की येईल, फाडफाड येणार नाही. जो क्लास आधी तुमची पायरी तपासतो आणि 'एवढ्या दिवसांत एवढंच होईल' असं तोंडावर सांगतो, तो जाहिरातवाल्यापेक्षा भरवशाचा.

तिसरा हिशेब प्रवासाचा. लोणावळा किंवा मळवलीहून लोकलने शिवाजीनगरच्या क्लासला जायचं तर जाऊन-येऊन दोन-अडीच तास मोडतात, आणि शिकवणी होते एक तास. मोठं नाव म्हणून पुणं गाठण्यापेक्षा तळेगाव-वडगावात बरा शिक्षक मिळाला, तर वाचलेला वेळ सरावाला मिळतो. पुण्यालाच जायचं असेल तर जोडीदार बघा आणि लोकलमध्ये बोला. आजूबाजूचे बघतील, बघू देत.

पैसे कसे भरायचे?

इथे पुन्हा चीनकडे बघू. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथली 'वेब इंटरनॅशनल इंग्लिश' ही नोकरदार मंडळींना इंग्लिश शिकवणारी मोठी साखळी कोसळली. अनेकांनी कर्ज काढून आगाऊ फी भरलेली होती. क्लास बंद झाले, हप्ते चालूच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट इंग्लिश'चा चीनमधला कारभारही असाच आटोपला. नाव मोठं म्हणून पैसे सुरक्षित, असं काही नसतं. शाळकरी मुलांच्या शिकवण्यांसाठी तर चीन सरकारने २०१८ मध्येच नियम केला होता की तीन महिन्यांपेक्षा जास्त फी एकदम घ्यायची नाही.

आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून कोर्स मध्येच सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. पण या झाल्या सूचना. भाषेच्या प्रत्येक लहान क्लासला त्या लागू होतीलच असं धरून चालू नका. परतीची अट पावतीवर लिहूनच घ्या. 'आजच भरलं तर पन्नास टक्के सूट' म्हणणाऱ्याला सांगा, उद्या येतो! ईएमआयचा कागद असेल तर कर्ज देणारी कंपनी कोण, ते वाचल्याशिवाय सही नको. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

नाव घालण्याआधी एवढं करा

१. खास डेमोला भुलू नका. रोजच्या चालू बॅचमध्ये एक तास मागे बसू द्या म्हणावं. घड्याळ लावून मोजा, सर किती बोलतात आणि मुलं किती.

२. डेमोचे सर आणि बॅचचे सर एकच आहेत का, ते विचारा.

३. मेल, रिपोर्ट, फोन, प्रेझेंटेशन यांचा सराव आहे का? लिहिलेलं तपासून परत मिळतं का?

४. क्लासच्या स्वतःच्या सर्टिफिकेटचं फार कौतुक नको. इंटरव्ह्यूला समोरचा माणूस दोन मिनिटांत तुमचं इंग्लिश ओळखतो.

५. गेल्या वर्षीच्या मुलांना भेटा, पण ती ऑफिसने दिलेली नकोत, आपल्या कॉलेजातली सीनिअर शोधा.

६. पहिल्या दिवशी आपल्या प्रोजेक्टबद्दल एक मिनिट इंग्लिशमध्ये बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करा. महिन्याने तोच विषय पुन्हा. दोन्ही ऐका. फरक वाटला तर पुढची फी भरा, नाहीतर नमस्कार करून बाहेर पडा.

वर्कशॉपमध्ये मोजल्याशिवाय जॉब पास करत नाहीत. मग घरच्यांनी पै-पै जोडून दिलेली फी नुसत्या पोस्टरकडे बघून का भरायची? बघा, पटतंय का!