उन्हावर चालणारें घड्याळ आणि त्याची निगा

वडुजास उन्हाचें दुर्भिक्ष कधीं पडलें नाहीं. पडतें तें पाण्याचें. सह्याद्रि ओलांडतां ओलांडतां पावसाळी ढग रिते होतात आणि महाबळेश्वरीं पडणाऱ्या पावसाचा जेमतेम दशांश आमच्या खटाव तालुक्याच्या वांट्यास येतो. ऊन मात्र वर्षाचे बहुतेक दिवस अंगणांत सांडलेलें असतें. अशा गांवीं उन्हावर चालणारीं मनगटी घड्याळें उपासमारीनें बंद पडावीं हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु परिचयाच्या घरांतून हा प्रकार मीं अनेकवार पाहिला आहे. मुलगा किंवा पुतण्या परदेशांतून येतांना वडीलमाणसासाठीं असें घड्याळ आणतो, "काका, याला सेल बदलावा लागत नाहीं," एवढें सांगतो, आणि रजा संपतांच परत जातो. सोबतची पुस्तिका खोक्यांत राहते व खोकें माळ्यावर जातें.

"सेल बदलावा लागत नाहीं" हें अर्धेंच सत्य होय. सेल आंत असतोच. तो बाजारांतून आणावयाचा नसून प्रकाशानें भरावयाचा असतो, इतकाच फरक. अशा घड्याळाची तबकडी थोडा प्रकाश आरपार जाऊं देणारी असते. तिच्या खालीं सिलिकॉनची पातळ चकती असते. तीवर प्रकाश पडला म्हणजे विद्युत् उत्पन्न होते, ती एका इवल्याशा लिथियमच्या सेलांत साठते, आणि त्या साठ्यावर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावून काट्यांची चाल नियमित ठेवतो. ही सारी यंत्रणा प्रकाशाच्या एका वाटेवर अवलंबून आहे. ती वाट बुजली कीं कितीहि मोलाचें घड्याळ असो, तें थांबणारच.

आमच्या पिढीस सकाळीं घड्याळाला चावी देण्याची संवय होती. एच. एम. टी.चीं मनगटी घड्याळें बंगळुरास १९६१ सालीं निघूं लागलीं, तीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें. त्याच सिटिझननें १९७६ सालीं प्रकाशावर चालणारें काट्यांचें घड्याळ विक्रीस आणलें, व १९९५ पासून तीं 'ईको-ड्राइव्ह' या नांवानें जगभर पसरलीं. सेको आणि कॅसिओ यांचींहि असलीं घड्याळें आहेत. आपल्याकडे टायटननें २०११ सालीं तीं काढलीं. एच. एम. टी.चा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं घेतला, आणि चावी देण्याची ती सकाळची घटकाहि बहुतेक घरांतून नाहींशी झाली. पण जुन्या घड्याळाचा एक गुण होता. आज चावी विसरली तर उद्यां तें बंद पडे. चूक व शिक्षा यांत एका दिवसाचें अंतर. नव्या घड्याळाचा सेल पूर्ण भरलेला असला तर अंधारांतहि कांहीं जातींचें घड्याळ सहा महिने, कांहींचें दहा महिने चालतें. म्हणून आषाढांतील दुर्लक्षाचें फळ पौषांत भोगावें लागतें, आणि तोंवर कारण कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहीं.

प्रकाश किती हवा, याविषयीं आपले डोळे फसवे साक्षी आहेत. ट्यूबलाइट लावलेली खोली आपल्याला चांगली उजळ दिसते, कारण अंधुक प्रकाशांत डोळ्याची बाहुली आपोआप विस्फारते. सिलिकॉनच्या चकतीस ही सोय नाहीं. मोजून पाहिलें तर स्वच्छ उन्हाचा प्रकाश सुमारें एक लाख लक्स, ढगाळ दिवशीं बाहेर दहा हजारांच्या आसपास, आणि घरांतील ट्यूबलाइटचा मेजावर पडणारा उजेड अवघा पांचशें. म्हणजे उन्हाच्या दोनशेंव्या हिश्श्याइतका. साध्या तीन काट्यांच्या घड्याळाची एका दिवसाची गरज उन्हांत दोनचार मिनिटांत भागते, ढगाळ हवेंत त्यास दहापंधरा मिनिटें लागतात, आणि घरांतल्या दिव्याखालीं तीनचार तास. हें झालें रोजच्या खर्चापुरतें. साठा पार संपला असेल तर उन्हांतसुद्धां कित्येक तास मोडतात, आणि नुसत्या दिव्यावर तो भरूं पाहणें म्हणजे चमच्यानें रांजण भरणें.

तेव्हां रोजची रीत सोपी आहे. सकाळीं घड्याळ तबकडी वर करून पूर्वेच्या खिडकींत पाव तास ठेवावें. खिडकीची कांच आड आली तरी फारसें बिघडत नाहीं, मात्र ती धुळीनें माखलेली नसावी. वडुजाजवळचें औंध हें सूर्यनमस्कारांचें पीठच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं त्या व्यायामाचा प्रसार संस्थानांतल्या शाळांपासून विलायतेपर्यंत केला. आजहि जे गृहस्थ सकाळीं नमस्कार घालतात त्यांनीं तेवढा वेळ घड्याळ काढून उन्हाच्या कवडशांत ठेवावें, म्हणजे दोघांचेंहि काम होईल. दुपारचा हिशेब करतांना मात्र घड्याळाच्या बारावर विसंबूं नये. भारताची प्रमाणवेळ साडेब्यायशीं अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे, आणि वडूज त्याच्या सुमारें आठ अंश पश्चिमेस. दर अंशास चार मिनिटें धरलीं तर आमच्या डोक्यावर सूर्य येतो तो साडेबाराच्या सुमारास. अन्न आमच्या सूर्याचें आणि वेळ मिर्झापूरची, असा या घड्याळाचा संसार आहे.

ऊन चांगलें म्हणून वाटेल तेथें ठेवणेंहि बरें नव्हे. साठ अंश सेल्सिअसच्या वर या घड्याळांस तापूं देऊं नये, असें बनविणारेच बजावतात. चैत्र-वैशाखांत पत्र्याचें छप्पर, गच्चीची फरशी, किंवा बंद मोटारींत पुढच्या कांचेखालची जागा यांची उष्णता ती मर्यादा सहज ओलांडते. त्यानें सेलाचें आयुष्य घटतें. प्रखर दिव्याच्या अगदीं जवळ घड्याळ ठेवण्यांतहि हाच धोका आहे. त्या महिन्यांत सकाळचें कोंवळें ऊनच भरपूर होतें.

उपासमारीचीं ठिकाणें तीन: थंडीतली लांब बाही व शाल, पावसाळ्यांतलें कोंदट माजघर, आणि लोखंडी कपाट. तिसरें सर्वांत घातक, कारण तेथें घड्याळ जाऊन पडतें तें प्रेमानें. आमच्या पेठेंतील एका वाड्यांत आजोबा वारल्यावर त्यांचें असलें घड्याळ आजींनीं रेशमी फडक्यांत गुंडाळून कपाटाच्या कुलुपी कप्प्यांत ठेवलें. वर्षश्राद्धास तें बाहेर काढलें तों काटे स्तब्ध. "इतकें जपलें, तरी त्यांच्यामागें थांबलेंच," असें म्हणून आजी डोळ्यांस पदर लावून बसल्या. सूनबाईंनीं माळ्यावरचें खोकें उतरवून पुस्तिका वाचली व घड्याळ सकाळच्या उन्हांत ठेवण्याचा क्रम धरला. पहिल्या दिवशीं सेकंदकाटा हलला आणि रात्रीं पुन्हां थांबला. सातव्या दिवसानंतर तो रात्रभर चालूं लागला. सोनें, शालू, दस्तऐवज हे झांकून टिकतात, म्हणून मौल्यवान वस्तु झांकण्याची आपल्या घरांची रीत पडली. या वस्तूस ती रीत मानवत नाहीं. आठवण म्हणून ठेवलेलें घड्याळ कोणी हातांत घालीत नसलें तरी तें उजेडांत असावें.

थांबण्यापूर्वीं घड्याळ सूचना देतें, तीहि घरांतल्या मुलांस दाखवून ठेवावी. सिटिझन व सेको यांच्या बऱ्याच घड्याळांत साठा उतरला कीं सेकंदकाटा दर सेकंदास न सरकतां दोन दोन सेकंदांची उडी घेऊं लागतो. पुष्कळांस ती बिघाड वाटते. ती भुकेची खूण आहे. ज्या घरांत इन्सुलिनची वा हृदयाच्या गोळीची वेळ वडीलमाणसें मनगटावर पाहून सांभाळतात, तेथें या खुणेकडे काणाडोळा करणें धोक्याचें. अगदीं थांबून पुन्हां चालूं झालेलें घड्याळ चुकीची वेळ अगदीं खात्रीनें दाखवीत असतें. ती नीट लावल्यावांचून त्यावर औषध घेऊं नये. कांहीं घड्याळें अंधारांत काटे आपण होऊन थांबवून साठा राखतात व उजेड लागतांच योग्य वेळेवर येतात. आपलें त्या जातीचें आहे काय, हें पुस्तिकेंतच कळेल.

राहिला सेल बदलण्याचा प्रश्न. आठवडाभर ऊन देऊनहि घड्याळ धरत नसेल, तर आंतला सेल निकामी झाला असें समजावें. वर्षानुवर्षें रिकामा पडून राहिल्यानें तो तसा होतो. येथें घाई करूं नये. एका स्नेह्याच्या घड्याळांत कोणा कारागिरानें नेहमींचा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल बसवून दिला. तो भरण्यासाठीं केलेलाच नसतो. चकतीकडून आलेली विद्युत् त्यांत शिरत राहिली, सेल गळला आणि आंतलें यंत्र गंजून गेलें. चाळीस रुपयांच्या सेलानें हजारोंची वस्तु गमावली. म्हणून घड्याळाच्या मागच्या झांकणावर कोरलेला क्रमांक उतरून घ्यावा, तो दुकानदारास दाखवून त्याच जातीचा, पुन्हां भरतां येणारा सेल मागवावा, आणि आठवडा-पंधरवडा लागला तरी वाट पाहावी. तोंवर वेळ सांगावयास भिंतीवरचें घड्याळ आहेच.