पुराचा सांगावा आणि नदीकाठचा मुक्काम

सप्टेंबर 2025 च्या अखेरीस पैठणच्या जायकवाडी धरणातून गोदावरीत 3 लाख क्युसेकहून अधिक विसर्ग झाला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. त्या हिशेबाने दर सेकंदाला जवळपास 85 लाख लिटर पाणी. त्याची झळ बीड जिल्ह्यातल्या गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतील नदीकाठाला बसली.

धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. स्थलांतराला मिळतो तो एवढाच अवधी. विसर्गाचा इशारा पाटबंधारे विभाग देतो, पुढे तो जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी असा गावात येतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात.

गावात दवंडी, भोंगा, सरपंचांचा फोन, काही तरी कानावर पडते. राक्षसभुवन किंवा मंजरथसारख्या नदीकाठच्या तीर्थक्षेत्री राहुट्या टाकून उतरलेल्या भाविकांचे मात्र तसे नसते. त्यांची नोंद कुठल्याच यादीत नसते, उंचवटा कुठे हे त्यांना ठाऊक नसते. पोलीस एका वाटेने जायला सांगतात, स्वयंसेवक दुसऱ्या वाटेने. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेलेला असतो आणि ट्रॅक्टर चिखलात रुततात.

उपाय साधे आहेत: मुक्कामाची नोंद, पूररेषेबाहेरची जागा, आधी ठरवलेली वाट, आदेश देणारा एकच अधिकारी आणि अंधार पडण्याआधी हलवाहलव. अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचे. सामानासाठी मागे फिरायचे नाही. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077.