परत आलेलीं कुटुंबें आणि पाण्याचा हिशेब

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवाचें नांव बहुतेक वाचकांच्या कानांवर आहे. तेथील टेंकडीवरचे चर व बांध पाहण्यास पाहुणे जातात आणि कौतुक करून परततात. आम्हांस मात्र दुसऱ्याच गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे. गांव सोडून गेलेलीं कुटुंबें येथें परत आलीं, आणि परत येऊन टिकलीं. यांतील दुसरें अधिक अवघड.

१९७२ च्या दुष्काळानंतर येथील पुष्कळ माणसें मजुरीसाठीं मुंबई-पुण्याकडे गेलीं. मुलूख पर्जन्यछायेचा, पाऊस सरासरीनें सुमारें १६ इंच, म्हणजे ४०० मिलिमीटर. डोंगर उघडे पडल्यामुळें पडेल तें पाणी माती घेऊन निघून जाई. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व नसबंदी हे नेम गांवानें पत्करले, आणि १९९४ पासून आदर्श गांव योजनेखालीं सलग समतल चर व नालाबांध झाले. १९९२ ते २००२ या काळांत सुमारें ४० कुटुंबें परतलीं. १९९५ मध्यें दारिद्र्यरेषेखालीं १६८ कुटुंबें होतीं. २०१० पर्यंत तीं तीनच उरलीं.

शहरांतून परतणाऱ्याच्या गांठीं थोडा पैसा असतो, आणि त्याच्या मनांत पहिला विचार विंधणविहिरीचा व उंसाचा येतो. चाळीस घरांनीं तसें केलें असतें तर चरांत मुरलेलें पाणी दोन उन्हाळ्यांत संपलें असतें. म्हणून शेतीसाठीं विंधणविहीर घ्यावयाची नाहीं, ऊस व केळी लावावयाची नाहीं, जमीन बाहेरच्यास विकावयाची नाहीं असे ठराव झाले. पुढें दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडूं लागले. पाऊस मोजावा, विहिरींची पातळी पाहावी, माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी आधीं राखावें, आणि उरेल त्यावर ग्रामसभेंत रब्बी ठरवावी. पाऊस तुटला कीं अधिक पाण्याच्या पिकांचें क्षेत्र आंखडतें. हल्लीं पावसाची तऱ्हा बदलली आहे. चार दिवसांत धो धो, मग तीन आठवडे कोरडे. अशा काळीं सरासरीवर भिस्त ठेवणारा फसतो. यंदाच्या पावसाचा यंदाच हिशेब करणारें गांव सांवरतें.

पाणी आलें कीं डासहि येतो, हें मात्र कोणी सांगत नाहीं! हिवतापाचा डास स्वच्छ सांचल्या पाण्यांत अंडीं घालतो. डेंग्यूचा डास तर घरांतील रांजण, पिंपें यांतच वाढतो. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. उष्म्यांत त्याहूनहि कमी. हिवरे बाजारांत घरोघर शौचकूप व सांडपाण्यास शोषखड्डे झाले, आणि डास दाखविणाऱ्यास बक्षीस जाहीर झाल्याची गोष्ट सर्वत्र ठाऊक आहे. बक्षिसापेक्षां खड्ड्यांचें श्रेय अधिक, असें आमचें मत.

हिवऱ्याचे लोक निदान आपल्याच मातींत परतले. कोयना धरणाचे विस्थापित सोलापूर, सांगली, ठाणें अशा परक्या मुलखांत गेले. तेथली भूमि निराळी, ऊन निराळें. अशा वसाहतींत जमीन-वाटपाबरोबरच पर्जन्यमापक व शोषखड्डा पहिल्याच वर्षीं हवा. कष्टाचीं कामें उन्हाळ्यांत पहांटे व उतरत्या उन्हांत करावीं, आणि गोठ्यावर दाट सांवली धरावी.

शोषखड्डा तीन-चार फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. तळाशीं मोठे दगड, त्यांवर खडी, वर वाळू. पिण्याच्या विहिरीपासून तो निदान पन्नास फूट दूर असावा. वरच्या थरावर मेणचट साय धरली कीं तो काढून धुवावा. काळ्या भुईंत खड्डा लवकर तुंबतो. तेथें पाणी परसांतील फळझाडांस फिरवून द्यावें. मात्र आळें दुसऱ्या दिवशीं कोरडें दिसलें पाहिजे. आणि रांजण, पिंप, जनावरांचा हौद हीं आठवड्यांतून एकदां घासून उपडीं करावीं किंवा कोरडीं ठेवावीं.