बोटांचे डोळे

सराईत टंकलेखकाची नजर मजकुरावर असते. कळा त्याची बोटेच ओळखतात. २०१६ साली ॲपल कंपनीने काही मॅकबुक प्रो लॅपटॉपांवरील फंक्शन कळांची ओळ काढून तेथे स्पर्शाने चालणारी पट्टी बसविली. कामागणिक तिच्यावरील चिन्हे बदलत. आवाज कमीजास्त करण्यास, नवख्याला वाट दाखविण्यास ती सोयीची, हे मान्य केलेच पाहिजे. पण सपाट पट्टीवर बोटाला खूण सापडत नाही. दरवेळी मान खाली घालावी लागते, आणि कामाची लय तुटते. २०१९ साली एस्केपची कळ परतली, २०२१ साली नव्या मोठ्या यंत्रांत सगळी ओळ परतली; २०२३ साली पट्टीचे शेवटचे यंत्रही बंद झाले. हत्यार बदलण्याआधी ते चालविणाऱ्या हाताला विचारावे, हाच याचा धडा.