दोन पंप आणि एकशेवीस दिवस

तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीची दुरुस्ती या आठवड्यात सांगायची, असे ठरले होते. पण साताऱ्याच्या एका वाचकाच्या प्रश्नाने बेत बदलला. बंद पडलेली भट्टी पुन्हा पेटवायची की नाही, हे शेवटी ठरवतो कोण? चालवणारा, नियामक की सरकार? या प्रश्नावर 2007 च्या डिसेंबरात कॅनडात जे झाले, त्याला अख्खा हप्ता द्यायलाच हवा. सायरसने आठवडाभर थांबावे.

ऑन्टारिओ प्रांतातले चॉक रिव्हर नियमित वाचकांच्या ओळखीचे आहे. सायरसची थोरली बहीण एनआरएक्स तिथलीच. तिच्या शेजारची एनआरयू 1957 मध्ये सुरू झाली आणि पुढे जगातल्या इस्पितळांना मॉलिब्डेनम-99 पुरवणारी सर्वात मोठी भट्टी ठरली. या मूलद्रव्यापासून हृदयाच्या आणि हाडांच्या तपासणीत वापरले जाणारे टेक्नेशियम मिळते. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य 66 तास, टेक्नेशियमचे अवघे 6. म्हणजे ताज्या मासळीचा धंदा; साठवून ठेवायची सोयच नाही. भट्टी थांबली की आठवडाभरात रुग्णांच्या तारखा पुढे जाऊ लागतात.

18 नोव्हेंबर 2007 रोजी एनआरयू नेहमीच्या देखभालीसाठी थांबवली गेली. त्याच सुमारास उघड झाले, की जड पाणी फिरवणारे दोन मुख्य पंप भूकंपातही टिकणाऱ्या आपत्कालीन वीजपुरवठ्याला जोडलेलेच नाहीत. पंपांना पर्यायी वीज होती, पण मोठ्या भूकंपानंतर ती चालेलच याची हमी नव्हती. आणि 2006 मध्ये परवान्याचे नूतनीकरण झाले, ते सुरक्षेच्या सातही सुधारणा पूर्ण झाल्या आहेत असे धरून!

भट्टी चालवणाऱ्या एईसीएल या सरकारी कंपनीचे म्हणणे होते, आधी एक पंप जोडतो, भट्टी सुरू करू द्या. नियामक आयोगाच्या अध्यक्ष लिंडा कीन यांनी आधी सुरक्षेची पूर्ण मांडणी मागितली. इकडे इस्पितळांची ओरड वाढत होती. मंत्री गॅरी लन यांनी आयोगाच्या अध्यक्षांना थेट फोन केला. 10 डिसेंबरला सरकारने आदेश काढला, की आयोगाने लोकांच्या आरोग्याचाही विचार करावा.

आयोग हलला नाही, तेव्हा संसद हलली. 11 डिसेंबरला कीन यांच्यासह संबंधितांना थेट सभागृहात बोलावून प्रश्न विचारले गेले आणि त्याच रात्री विधेयक मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी सिनेटची मंजुरी आणि राजसंमतीही मिळाली. भूकंपात टिकणारे मोटर-स्टार्टर बसवण्याची आणि पंप आपत्कालीन विजेला जोडण्याची परवान्यातली अट 120 दिवसांपुरती बाजूला झाली. योगायोग असा, की याच चॉक रिव्हरला एनआरएक्सचा मोठा अपघात झाला होता तो 12 डिसेंबरलाच, 1952 साली.

आता या कायद्यातली बारीक ओळ पाहा. भट्टी सुरू करणे सुरक्षित आहे याची एईसीएलची स्वतःची खात्री पटली, तरच ती चालवता येईल, असे त्यात होते. वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर संसदेने असे दिले: ज्याची भट्टी, त्याचाच दाखला. 16 डिसेंबरला एनआरयू सुरू झाली. 15 जानेवारी 2008 च्या रात्री कीन यांना अध्यक्षपदावरून काढले. दुसऱ्या दिवशी त्या संसदीय समितीपुढे बोलणार होत्या.

ही गोष्ट सांगताना कीन यांना नायिका करून मोकळे होण्याचा मोह होतो. पण आयोगाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पंप जोडण्याची अट परवान्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेलीच नव्हती, असे नंतर झालेल्या स्वतंत्र पाहणीत दिसले. एईसीएल आणि आयोग यांच्यातला बराच व्यवहार गृहीत धरून चालला होता. जी जोडणी नाही म्हणून भट्टी रोखायची वेळ आली, ती नूतनीकरणाच्या वेळीच कोणी जागेवर जाऊन पाहायला नको होती?

मे 2009 मध्ये हीच भट्टी पुन्हा बंद पडली. या वेळी गंजलेल्या ॲल्युमिनियमच्या पात्रातून जड पाणी गळत होते. अरुंद तोंडांतून लांबलचक हत्यारे आत सोडून, दुरूनच वेल्डिंग करावे लागले. टेक्नेशियमची टंचाई 2007 पेक्षा कितीतरी लांबली, पण कायदा करण्याची भाषा कोणी केली नाही. अट कायद्याने उठवता येते, भोक बुजवता येत नाही. आयोगाच्या परवानगीनेच ऑगस्ट 2010 मध्ये एनआरयू परत सुरू झाली, आणि 31 मार्च 2018 रोजी कायमची थांबली.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला, किंवा सुटलाच नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून आहे. मात्र जून 2000 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भट्ट्या मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे दिल्या गेल्या. याच केंद्राची सायरस 1997 मध्ये दुरुस्तीसाठी थांबली तेव्हा एक व्यवस्था होती, 2002 मध्ये परत पेटली तेव्हा दुसरी. घरच्या परीक्षकाने घरचीच उत्तरपत्रिका तपासावी, हे या लेखमालेला पटत नाही, परीक्षक कितीही जाणकार असला तरी.

पुढच्या आठवड्यात सायरस नक्की. तुर्भ्याला त्या दुरुस्तीवर काम केलेले कोणी वाचत असतील, तर त्यांनी जरूर लिहावे.